सगुणाआत्याचं पुणं

कामथडीतून कुणाला पुण्याला जायचं असलं की तो माणूस आदल्या दिवशी आमच्या ओट्यावर येऊन बसे. घरातल्या पुरुषांकडे त्याचं काम नसे. "सगुणाआत्या हाय का?" एवढंच तो विचारी. आत्या गोठ्यातून शेणाने भरलेले हात तसेच घेऊन बाहेर येई आणि उभ्यानेच म्हणे, "काय घ्यायला चाललाय, का नुसतं बगायला?"

घ्यायला चाललेल्याला ती एक वाट सांगे आणि बघायला चाललेल्याला दुसरी. "कापड घ्यायचं असंल तर दुपारच्याला जावा. दुकानदार जेवून बसल्याला असतो, डोळ्यावर झापड असती. लई हुज्जत घालत न्हाई. भांडं मातुर सकाळच्याला घ्यावं. तवा आळी गप असती, भांड्याचा आवाज नीट कळतो." बघायला जाणाऱ्याला ती म्हणे, "पयलं तुळशीबागेतल्या रामाला जावा. आमी आलोय म्हनून त्याला सांगा. मग मंडईत शिरा. कायबी घेऊ नका, नुसतं हिंडा. पाय दुखाय लागलं की तळ्यातल्या गनपतीच्या काठाला बसा." खायचं काय आणि कुठं, हे ती सगळ्यात शेवटी सांगे, आणि ते सांगताना जरा जवळ सरके. "आन् भाकरी बांधून नेऊ नका. भाकरी घरला हायेच."

ही सगुणाआत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. नात्याने माझी आतेसासू, पण घरात सगळेच तिला आत्या म्हणत, म्हणून मीही आत्याच म्हणू लागले. तिचं लग्न वेल्ह्याकडच्या एका मुलाशी झालं होतं. तो पुण्यात मंडईत हमाली करी. लग्नानंतर ती शुक्रवार पेठेत, मंडईच्या मागच्या अंगाला, एका चाळीत एका खोलीत राहायला गेली. तिथं तिची काही वर्षं बरी गेली. मग मोठ्या तापाची साथ आली आणि त्यात नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. भाऊ जाऊन तिला घेऊन आला. तेव्हापासून ती कामथडीत होती, गुरांचं बघत होती, शेतात खपत होती. पण तिचं घड्याळ मंडईचंच राहिलं. पहाटे दूध काढताना ती स्वतःशीच म्हणे, "आता मेथीच्या गाड्या आल्या असतील."

बुटकी, काटक, चालायला वाऱ्यासारखी. बोलताना समोरच्याचं मनगट धरायची तिला सवय होती. ऐकणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे गेलं की मनगटावरची पकड घट्ट होई.

माझी तिची ओळख व्हायच्या आधी तिच्या निवडीची ओळख झाली. माझं माहेर किकवीचं. वडील शाळामास्तर होते, त्यांनी मला वाचायला शिकवलं होतं आणि त्यामुळे मुलगी जरा जास्त शहाणी आहे असं मुलाकडच्यांना वाटत होतं. लग्नाचा बस्ता आणायला ती मंडळी पुण्याला गेली, तेव्हा सोबत सगुणाआत्या होती. मला तिने एकदाच, दारातून आत येताना पाहिलं होतं. दुकानदाराने नवरीची म्हणून हिरवी लुगडी पुढं टाकली. आत्या ती बाजूला सारत म्हणाली, "पोरगी गव्हाळी हाय. पन उन्हातनं आली की गाल लाल व्हत्यात. त्या लालीला शोभंल असं काडा." दुकानदार हसला. ती हसली नाही. शेवटी माळ्यावरच्या गठ्ठ्यातून एक अंजिरी रंगाचं लुगडं निघालं. नवरीला असला रंग कुणी घेतो का, म्हणून सासूबाईंनी घरी आल्यावर बरंच ऐकवलं. मी ते नेसून बाहेर आले, तेव्हा माझी आई रडायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी दिराच्या बस्त्यासाठी मी पहिल्यांदा तिच्याबरोबर पुण्याला गेले. सडकेवर उभं राहून साताऱ्याकडून येणारी सर्व्हिस मोटार पकडायची, ती कात्रजच्या बोगद्यातून पुण्यात जाई. बोगदा येईपर्यंत आत्या अखंड बोलत होती. बोगद्यात गप्प झाली. बाहेर पडताच तिने पिशवीतून वहाणा काढल्या, पुसल्या आणि पायांत घातल्या. गावात तिच्या पायांत मी कधी वहाणा पाहिल्या नव्हत्या.

"अनवानी मानूस दिसला की पुन्यात भाव चढतो," ती म्हणाली.

त्याच पिशवीत आंबेमोहोर तांदळाच्या लहान लहान पुरचुंड्या होत्या. दुकानात गेली की ती आधी मालाकडे बघतच नसे. दुकानदाराच्या आईचं दुखणं कसं आहे, मुलगी बाळंतपणाला आली का, हे विचारी आणि एक पुरचुंडी त्याच्या गादीवर ठेवी. "घरात द्या. खीर करायला सांगा." मग भाव करायला बसे तो मात्र असा, की खीर वगैरे सगळं विसरून त्या माणसाच्या कपाळाला घाम येई. आणि उठताना दोघंही खूश असत.

दुपारी तिने आम्हां बायकांना खानावळीत नेलं. आता यात काही वाटायचं नाही, पण त्या काळी आमच्यातल्या बायकांनी बाहेर बसून खायचं म्हणजे मोठीच गोष्ट होती. मी तोवर परक्या पुरुषांसमोर पाण्याचा घोटही घेतला नव्हता. ही खानावळ विंझरकडच्या एका बाईची होती. मागच्या अंगाला एक लहान खोली होती आणि तिथं पाट मांडलेले होते. पुरी, बटाट्याची भाजी, शिरा. मी पदर इतका पुढं ओढला होता की घास तोंडात जाईना. आत्याने माझं मनगट धरलं.

"पोरी, हितं तुला कुनी वळखत न्हाई. पुन्याचा हाच तर मोठा गुन हाय. जेव."

मी जेवले. त्या पुरीची चव मला अजून आठवते.

पुढं रविवार पेठेत कासाराकडे मला चुडा भरला. बांगड्यांचे जोड आत्याच निवडत होती. माझ्या हाताशी धरून बघत होती, नको म्हणत होती, दुसरे मागत होती. तिचे स्वतःचे हात मोकळे होते. निवडताना तिच्या तोंडावर जो आनंद होता, त्यात कुठं खोट दिसली नाही. मी मुद्दाम बघितलं होतं. स्वतःसाठी म्हणून ती दर खेपेला एवढंच घेई: परतताना फुटाण्यांचा एक पुडा. तो ती मोटारीत बसून एकटी खाई, आणि त्यातला दाणाही कुणाला देत नसे.

असं वाटेल की तिला पुण्याचा कोपरान् कोपरा ठाऊक होता. तसं मुळीच नव्हतं. तिला ठाऊक होता तो मंडईच्या भोवतालचा मुलूख, आणि तोही तिच्या तरुणपणातला. एकदा गावातल्या एका लग्नघराला घेऊन ती निघाली असता भर पेठेत चुकली. नवा रुंद रस्ता काढताना जुनी घरं पाडली होती, आणि जिथं तिच्या हिशेबाने एका शिंप्याचं दुकान आणि पिंपळ असायला हवा होता, तिथं सायकली आणि टांगे धावत होते. मागं सात-आठ माणसं. ती थांबली. मग एका दुकानातल्या रंगीत कापडाकडे बोट करून म्हणाली, "हे बगून घ्या." सगळ्यांनी ते बराच वेळ बघितलं. तिला वाटलं एवढ्यात वाट आठवेल, आठवली नाही. मग ती सरळ एका टांगेवाल्याकडे गेली आणि विचारून आली. परत येऊन लग्नघरच्या म्हाताऱ्या आजोबांना म्हणाली, "म्या चुकले. पुनं वाढाय लागलंय. वाढत्या पोराला कुनी वरडतं का?" घरी येऊन ही हकीकत तिनेच सगळ्यांना सांगितली.

सगळ्या घरात एका माणसाने तिचं पुणं कधी ऐकून घेतलं नाही. त्या आमच्या सासूबाई.

सासूबाई कष्टाळू, कडक, आणि मनाने वाईट नव्हत्या. पण नणंद परत येऊन कायमची राहिली हे त्यांच्या मनात कुठंतरी रुतून बसलं होतं. आत्याने पुण्याचा विषय काढला की त्या उठून आत जात. कधी बोलल्याच तर म्हणत, "एवडं गोड व्हतं पुनं, तर वन्सं, हितं कशापायी आला?" आत्या उठून गोठ्यात जाई. सासूबाई नात्याचा मान कधी चुकवत नसत, वन्सं म्हणूनच हाक मारत, पहिली भाकरी तिच्या ताटात वाढत. पण दोघींनी कधी एका जागी बसून गप्पा मारल्या आहेत असं मी पाहिलं नव्हतं. पुण्याला एवढी माणसं आत्याबरोबर जाऊन आली, सासूबाई कधी गेल्या नाहीत. "आमाला काय करायचंय?" म्हणत.

सासरे वारले, आणि त्यानंतर एक-दोन वर्षांत सासूबाईंच्या डोळ्यांचं सुरू झालं. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या उंबऱ्याला अडखळू लागल्या. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला धडकू लागल्या. समोर ठेवलेल्या सुपातला खडा मात्र अचूक वेचत, त्यामुळे आम्हाला वाटे, घाई करतात म्हणून धडपडतात. एक दिवस विहिरीच्या कडेला पाय चुकला. आत्या मागेच होती म्हणून वाचल्या. त्या संध्याकाळी आत्या माझ्या यजमानांना म्हणाली, "वैनीला पुन्याला डोळं दावायला न्यायचं. उद्या."

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून मोटारीच्या मागच्या बाजूला कोळशाची भट्टी बसवलेली असे. आम्ही तिघी निघालो. यजमान शेतातून निघू शकत नव्हते, आणि आत्या असताना पुरुष कशाला, असं सगळ्यांनाच वाटलं. सासूबाईंनी भाकरी बांधून घेतली होती. 

डोळ्यांचे डॉक्टर शांत स्वभावाचे होते. त्यांनी बराच वेळ तपासलं. नाव विचारलं, गाव विचारलं. मग म्हणाले, "आई, हा मोतीबिंदू असता तर मी काढला असता. हा काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही. आहे तीही हळूहळू जाईल. औषध देतो, पण खोटी आशा देत नाही."

सासूबाईंनी मान हलवली. डॉक्टरांना नमस्कार केला. बाहेर आल्यावर एका दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "चला मोटारीवर."

"मोटार सांजच्याला हाय," आत्या म्हणाली.

"मग तितं जाऊन बसू."

आत्या त्यांच्या शेजारी बसली. समोरून सायकली जात होत्या.  आत्याने विचारलं, "वैनी, आता तुमाला दिसतंय तरी कसं?"

"म्होरचं दिसतंय. बाजूचं न्हाई. नळीतनं बगावं तसं."

"नळीतनं दिसतंय न्हवं? मग बास हाय की," आत्या म्हणाली. "नळी कुनीकडं धरायची त्ये म्या बगते. उठा."

सासूबाई का उठल्या हे मला आजही सांगता येणार नाही. कदाचित नको म्हणायचंही त्राण उरलं नसेल. आत्या त्यांच्या मागे उभी राहिली, दोन्ही खांद्यांवर हात ठेवले, आणि त्यांना हलकेच डावीकडे वळवलं. "हां. आता बगा. हा तांबट. घंगाळ ठोकतोय." मग उजवीकडे. "ह्यो अत्तरवाला. वास आला का?" अशी ती त्यांना गल्लीगल्लीतून फिरवत निघाली. मी मागे पिशवी घेऊन. तुळशीबागेत रामासमोर उभं करून आत्याने सासूबाईंची हनुवटी बोटाने वर केली, म्हणजे देवळाचं शिखर नळीत यावं. सासूबाई बघत राहिल्या. मान दुखेपर्यंत बघितलं. तिथल्या दुकानांत लहान मुलींच्या भातुकलीची इवली पितळी भांडी मांडलेली होती. सासूबाईंनी त्यातलं एक जातं तळहातावर घेतलं, डोळ्यांसमोर धरलं आणि बोटाने फिरवून बघितलं. फिरत होतं.

"दळतंय की," त्या म्हणाल्या.

मंडईत गेलो. तिथं सासूबाई पहिल्यांदा आपण होऊन थांबल्या. कांद्याच्या ढिगासमोर. एक कांदा उचलून दाबला आणि विकणाऱ्याला म्हणाल्या, "वला हाय. महिनाभर टिकायचा न्हाई."

"मावशी, महिनाभर ठिवतंय कोन? पुन्याची मानसं आजचं आज खात्यात," तो म्हणाला.

सासूबाई हसल्या. आत्याने माझ्याकडे बघितलं.

मग खानावळ. पाटावर बसल्यावर सासूबाईंनी आपलं फडकं सोडलं. "माजी भाकरी हाय," म्हणाल्या. विंझरची बाई ताट घेऊन उभी होती, तिला काय करावं समजेना. इतक्या वर्षांत आत्याने पुण्यात भाकरीला हात लावलेला कुणी पाहिला नव्हता. तिने ते फडकं आपल्यापुढं ओढलं.

"ही म्या खाते. तुमी पुरी खावा. भाकरी वाया जायाची न्हाई, मग तर झालं?"

आणि ती खरंच ती गार भाकरी चटणीबरोबर खाऊ लागली. खानावळवाली बघतच राहिली. "सगुणाबाई, तुमी आन् भाकरी?" आत्या म्हणाली, "आमच्या वैनीच्या हातची हाय." सासूबाईंनी पुरीचा तुकडा मोडला. थोडा वेळ हातातच धरला. मग खाल्ला. दुसरी पुरी त्यांनी मागून घेतली.

जेवण झाल्यावर हात पुसता पुसता त्या एकदम म्हणाल्या, "वन्सं, तुमची खोली कुठं व्हती?"

आत्याचा हात थांबला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की आजवर तिने मला पेठेतली सगळी दुकानं, देवळं, आळ्या दाखवल्या, पण स्वतःची चाळ कधी दाखवली नव्हती. खानावळीतून बाहेर पडलं की ती नेहमी वळसा घालून जात असे आणि तो वळसा का, हे मी कधी विचारलं नव्हतं.

"हाय हितंच," ती म्हणाली. "बगायसारकं काय न्हाई तितं."

"मला बगायचंय," सासूबाई म्हणाल्या. "हाय तवर."

चाळ जुनी होती, पण उभी होती. लाकडी जिना. जिन्यावर आत्या सासूबाईंच्या एक पायरी मागे, पाठीशी हात लावून. वरच्या मजल्यावर शेवटच्या खोलीत एक तरुण बाई मुलाला पाजत बसली होती. आत्या दारात उभी राहिली आणि पुढं बोलेना. शेवटी मीच सांगितलं, की या फार पूर्वी इथं राहत होत्या. बाई चांगली होती. तिने सतरंजी झटकून टाकली.

खोली एवढीशी. सासूबाईंनी हात पुढं करून भिंत धरली आणि भिंतीच्या कडेकडेने चालू लागल्या. "हितं चूल व्हती?" "व्हय." "ह्यो कोनाडा?" "त्यात म्या तेलाची बुधली ठिवायचे." "पानी?" "खाली नळ हाय. लई भांडनं व्हायची नळावर." पुढं खोलीच्या मधोमध एक लाकडी खांब होता. सासूबाईंचा हात त्याच्यावर पडला. आत्या म्हणाली, "ह्यो खांब."

"काय ह्या खांबाचं?"

आत्या सतरंजीवर बसली. तिने माझं किंवा कुणाचंच मनगट धरलेलं नव्हतं. "दादा मला न्यायला आला, तवा म्या ह्या खांबाला धरून बसले व्हते. येत न्हाई म्हनलं. मंडईत कांदा निवडायला जाते, खोली सोडत न्हाई. दादा दिवसभर हितं बसला. म्हनला, तरनीताठी बाई एकली कशी ऱ्हायची, मानसं काय म्हनत्याल. मग हात सोडवलं त्यानं."

खोलीत मुलाच्या चोखण्याचा तेवढा आवाज होता. सासूबाई खांब धरून उभ्याच होत्या.

"मला कुनी सांगितलं न्हाई," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, कुनी इचारीना म्हनून तुमी आमच्या दारात आला."

"सांगून काय झालं असतं? दादाचं तरी काय चुकलं, वैनी?"

"चुकलं," सासूबाई म्हणाल्या.

नवऱ्याबद्दल, तेही गेलेल्या, असा शब्द त्यांच्या तोंडून मी ना आधी ऐकला ना नंतर. मग त्या चाचपडत खाली बसल्या, आत्याच्या अगदी लगत.  त्या तरुण बाईने चहा टाकला. निघताना आत्याने पिशवीत उरलेली तांदळाची शेवटची पुरचुंडी तिच्या कोनाड्यात ठेवली.

परतीच्या वेळी कात्रजचा घाट चढताना कोळशाची मोटार दमली. वरपर्यंत चालत या म्हणून सगळ्यांना उतरवलं. ऊन कलतं झालं होतं. मी पुढं चालत होते; मागं वळून बघितलं तर दोघी एकमेकींचा हात धरून येत होत्या, आणि आत्या रस्त्यात थांबून सासूबाईंना पुण्याकडे तोंड करून उभं करत होती.

"ते काय डोंगराएवडं?" सासूबाई विचारत होत्या.

"पर्वती. डोंगुरच हाय तो. फुडच्या खेपंला चढू."

पुढच्या खेपेला पर्वती चढल्या, त्याच्याही पुढच्या खेपेला तळ्यातल्या गणपतीच्या काठावर बसून भेळ खाल्ली. नंतर सासूबाईंची नळी बारीक होत होत मिटली. मोटारीचा प्रवास झेपेना. तेव्हा मला वाटलं होतं, हे सगळं आता थांबेल. पण दुपारी पावट्याच्या शेंगा सोलायला दोघी ओट्यावर बसत आणि सासूबाई म्हणत, "चला वन्सं." आत्या त्यांचं मनगट धरी. "स्वारगेटला उतरलो. वहाना घाला." "घातल्या." "आता समोरून टांगा येतोय, थांबा." असं त्यांचं चाले. सासूबाई मधेच म्हणत, "आज खानावळीकडनं नको, तांबटाकडनं चला," आणि आत्या रस्ता बदले. कधी आत्या घाईने एखादी आळी गाळून टाकी, तर सासूबाई तिला परत मागं नेत. अत्तरवाल्यापाशी दोघी गप्प बसत, वास घेत असल्यासारख्या. गावातल्या बायकांना त्याचं हसू येई. आमच्या घरात कुणी हसत नसे.

सासूबाई गेल्या त्या झोपेतच. आत्या त्या दिवसांत घरातलं सगळं करत होती, माणसांना जेवू घालत होती, रडताना मला दिसली नाही. फक्त नंतर पुष्कळ दिवस, शेंगा सोलायच्या वेळी, ती गोठ्यात काही ना काही काम काढून बसे. गावातलं कुणी पुण्याची वाट विचारायला आलं तर आतूनच सांगून टाकी.

लढाई संपली, देश स्वतंत्र झाला, आणि माझ्या यजमानांना पुण्यात एका कारखान्यात काम मिळालं. आम्ही शुक्रवार पेठेतच दोन खोल्या घेतल्या. मंडई आता माझ्या रोजच्या पायाखालची झाली. आत्याला मी कितीदा निरोप धाडले, तेव्हा कुठं एका हिवाळ्यात ती आली. थकली होती. चालणं मंदावलं होतं. या वेळी मीच तिला हिंडवलं. खानावळ बंद झाली होती. विंझरची बाई गावी गेली होती. मी तिला खुर्च्या-टेबलांच्या एका नव्या उपाहारगृहात नेलं. ती खुर्चीवर पाय वर घेऊन बसली आणि संगमरवरी टेबलावर तळहात फिरवत म्हणाली, "गार लागतंय की ग. वैनीला आवडलं असतं." डोसा तिने आयुष्यात पहिल्यांदा खाल्ला. चांगला आहे म्हणाली, पण मला माहीत होतं, तिला तो आवडला नव्हता.

तीन-चार दिवस राहून ती निघाली. मी स्वारगेटपर्यंत सोडायला गेले. तिला खिडकीशी जागा मिळवून दिली आणि खाली उभी राहिले. "पोरांना जप," ती म्हणाली. "पावटा आला की धाडते." एवढ्यात दुसऱ्या मोटारीतून माणसं उतरली. त्यांत एक धनगराचं कुटुंब होतं: कांबळं घेतलेला म्हातारा, त्याची बायको, आणि लग्नाच्या वयाची मुलगी. तिघं रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. टांगेवाले ओरडत होते. मुलीने आईच्या पदराचं टोक मुठीत धरलेलं होतं. आत्या खिडकीतून त्यांच्याकडे बघत होती.

"पावनं," तिने हाक मारली, "कुठं जायाचं?"

म्हातारा जवळ आला. "बस्ता बांदायचाय, बाई. पेठ कुनीकडं?"

"कुठलं तुमी?"

"वेल्ह्याच्या वरचं."

आत्याने मांडीवरचं गाठोडं उचललं आणि माणसांतून वाट काढत खाली उतरली. मी म्हटलं, "आत्या, मोटार सुटेल."

"दुसरी येती."

"तुम्ही दमलाय. मी दाखवते त्यांना."

"तू घरी जा. पोरं वाट बगत असतील," ती म्हणाली, आणि त्या धनगरणीकडे वळली. "जेवला का काय?"

धनगरणीने मान हलवून नाही म्हटलं. आत्याने मुलीचा चेहरा एकदा नीट निरखून बघितला. मग तिचं मनगट धरलं आणि चालू लागली. मोटार सुटली, तरी तिने मागं बघितलं नाही. संध्याकाळच्या मोटारीने ती गावी पोचली, असं मला नंतर कळलं. पुढच्याच उन्हाळ्यात ती वारली. मला वेळेवर पोचता आलं नाही.

त्या दिवशी मी तिथंच उभी राहून बघत होते. ती पुढं, तिच्यामागे ती तिघं. रस्ता ओलांडायचा होता. समोरून एक टांगा भरधाव येत होता आणि धनगर बिचकून मागं सरला. आत्या सरली नाही. तिने गाठोडं काखेत मारलं, मोकळा हात वर केला आणि तशीच चालत राहिली.

टांगा थांबला.